माडखारचा माल

माडखार,
१८ मे १९५३

चिरंजीव हरेश्वर यास,

आशीर्वाद देते, कारण थोरल्या बहिणीनं तो पत्राच्या सुरुवातीलाच द्यायचा असतो. पुढचं मात्र गोड लागणार नाही.

काल चावडीवर तुमच्या कचेरीचा कागद वाचून दाखवला. लाँचचा धक्का खाडीच्या पलीकडच्या काठाला मंजूर झाला. आपल्या गावाबद्दल दोनच ओळी होत्या आणि त्या मला पाठ झाल्या आहेत. "माडखार येथून बाहेर जाण्याजोगा माल नाही. मासळी नगण्य, मीठ किरकोळ, भात घरखर्चापुरते." खाली साहेबाची सही, पण अक्षर तुझं. ते अक्षर गिरवायला लागलेली पाटी मी बोंबील विकून आणली होती, तेव्हा मला फसवायला जाऊ नकोस.

फेब्रुवारीत साहेब आले, पिंपळाखाली खुर्ची टाकून बसले, शेजारी तू दौत घेऊन. गावात धक्का बांधण्याइतका माल निघतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा. भिकू तांडेल, गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची, आणि तो काय बोलला? "काय न्हाय साहेब. दर्या रुसलाय यंदा." मग मिठागरवाला काळूराम. "मीठ तं अवकाळी पावसानं गिललं." मग येसूबाई, जिची खारातली सगळ्यात जास्त जमीन. "भात उंदरांनीच खाल्लं वो." आणि तू मान खाली घालून लिहीत होतास.

अरे, तू कोणाचा मुलगा? आपला बाप होडी काठोकाठ भरून आणायचा आणि कोणी विचारलं की म्हणायचा, "काय न्हाय, चार चिंगळं." भरल्या होडीला भरली म्हणायचं नाही, जाळ्याला नजर लागते, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. आगऱ्यांचंही तेच. मिठाच्या राशीवर पेंढा चढेपर्यंत तिचं माप सांगायचं नाही, भात कणगीत पडेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. कोळी आणि आगरी या एकाच गोष्टीत एकमतानं वागतात. वर सरकारी माणूस माप विचारतो म्हणजे कर बसवणार, ही भीती. हे साहेबाला ठाऊक नव्हतं. तुला होतं. कानाशी लागून दोन शब्द बोलला असतास तर तुझी नोकरी जाणार नव्हती.

आता आपल्या बायका खाडीच्या तोंडापर्यंत अर्धा मैल चिखल तुडवत जाणार, मांडीपर्यंत रुतत, डोक्यावर टोपली. लाँच भरतीला दूर उभी राहते आणि गळ्यापर्यंत पाण्यातून माल चढवावा लागतो. हे असंच राहणार, तुझ्या दोन ओळींमुळे.

मी साहेबाला काय सांगितलं ते विचारू नकोस. तो प्रश्न इथे नाही.

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस.

नीराबाई

माडखार,
९ जुलै १९५३

हरेश्वर,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींचं. "साहेबांनी विचारले, लोकांनी सांगितले, मी लिहिले. सांगितले त्याहून वेगळे लिहिणे माझे काम नाही. तू स्वतः काय सांगितलेस ते आठवून पाहावे."

होड्या वर ओढलेल्या आहेत, पाऊस धरला आहे, आठवायला वेळच वेळ आहे. तर ऐक. त्या दिवशी घराच्या मागं जुन्या जाळ्यांखाली सुक्या जवळ्याच्या चाळीस टोपल्या झाकून ठेवल्या होत्या. साहेबांनी विचारलं, बाई तुमचं काय? मी म्हटलं, "दोन टोपल्या असतील. त्याबी घरच्या कालवनापुरत्या." तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. वास तुझ्याही नाकाला येत होताच. मग तू लिहिलंस, दोन.

झालं? कबूल केलं. आता तूही कबूल कर की वाईट वाटलं.

चावडीवर कागद वाचला तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले की हा माझा भाऊ नव्हे, हा सरकारचा माणूस. कोणीतरी ते तुला पोचवलंच असेल, गावाला तेवढं काम चांगलं जमतं. ते मी मागं घेणार नाही, पण ते बोलल्यावर घरी येऊन जेवले नाही, एवढं लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात चिखलात केसर पडली. केसर म्हणजे भिकूची बहीण, तुला माहीतच आहे, पाच माणसांचं घर एका टोपलीवर चालवते. अख्खी टोपली पाण्यात गेली आणि गुडघा सुजला. महिनाभर बसून आहे. पलीकडच्या काठाला तुमचा धक्का बांधायला दगड येऊन पडलेत. आम्ही इथून बघतो.

नीराबाई

माडखार,
२० नोव्हेंबर १९५५

हरेश्वर,

दोन वर्षांनी लिहिते आहे. तुला मुलगी झाली, नलू नाव ठेवलं, हे मला अलिबागच्या बाजारात एका पाववाल्याकडून कळलं. सख्ख्या आत्याला पाववाल्यानं सांगावं, ही वेळ आली. मुलगी सुखात राहो. माझ्याकडून तिला चांदीचे वाळे ठेवले आहेत, ते इथेच आहेत.

आता कामाचं. माडखारचा माल किती, हे आम्ही गेलं वर्षभर मोजलं. हसू नकोस. सांगायचं नाही ही आपली रीत, पण मोजायचं नाही असं कोणी कुठं म्हटलंय? चिखलाची वाट सुरू होते तिथं म्हातारी रंगू पानसुपारी विकत बसते. तिच्यापुढं तीन रांजण मांडले, एक मासळीचा, एक मिठाचा, एक भाता-नारळाचा. डोक्यावर ओझं घेऊन बाई गेली की रंगू एक बोट मोजते. हातापायाची वीस बोटं संपली की खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांची एक शिंपली त्या त्या रांजणात. कोणी कोणाला काही विचारायचं नाही, कोणी काही बोलायचं नाही. शिंपलीला तोंड नसतं, मग नजर कोणाची लागणार?

आधी सगळे माझ्यावर उखडले. भिकू आठ दिवस माझ्या हातचं पान खाईना. काळूराम म्हणाला, "तुज्या रांजनानं माजं मीठ इरघललं तं भरून देशील?" पण दोन-तीन महिन्यांत वारं फिरलं. येता-जाता लोक रांजणात डोकावायला लागले. होळीपर्यंत तर काळूरामची बायको सखुबाई लुगड्याच्या ओच्यातून शिंपल्या आणून मिठाच्या रांजणात टाकताना सापडली. रंगूनं तिच्या हातावर अडकित्ता मारला. जी माणसं कालपर्यंत भरल्या घराला रिकामं म्हणत होती, ती आता रिकाम्याला भरलेलं दाखवायला लागली. माझी तर हसून पुरेवाट झाली.

दिवाळीत रांजण उपडे केले. मिठाचा सगळ्यात मोठा ढीग. काळूराम मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बगा, गाव आमच्या मिठावर चाललाय." भिकू चिडला, येसूबाई चिडली, शब्दाला शब्द वाढला. मी शिंपल्या चाळत होते, आणि मला एक दिसलं ते तुला सांगते, कारण तुझ्याइतकं कोणाला कळणार नाही.

महिन्याच्या महिन्याला रंगू रांजणात नारळाच्या झावळीचं एक पातं आडवं टाकत होती, खूण म्हणून. मार्चात अवकाळी पाऊस आला, मिठाच्या राशी विरघळल्या, त्या महिन्यात मिठाच्या रांजणात शिंपल्या नाहीत. बरोबर. पण एप्रिलात मासळीच्या रांजणातही नाहीत. होड्या तर भरून येत होत्या. मग आठवलं, खारवायला मीठच नव्हतं, आम्ही घोळ नि मुशी कुजताना पाहिली. ती कुजकी मासळी येसूबाईनं माडांना घातली, म्हणून नारळ चांगले लागले. उलट आमच्या बायकांच्या हाती त्या महिन्यात काही पडलं नाही, म्हणून येसूबाईचा तांदूळ बाजारात नेऊन विकायला कोणी उचलला नाही, तोही रांजण बसला. मिठाच्या राशीवर पेंढा कोणाचा? येसूबाईचा. आमच्या होड्यांचा सुंभ कोणत्या माडाचा? तिच्याच. एक रांजण रिकामा राहिला की दुसरे दोन्ही खाली बसतात. मी हे सगळ्यांना दाखवलं. मग येसूबाई म्हणाली, "म्हंजी आपन इतकी वरसं एकमेकांच्या घरातच जेवतोय की."

तेव्हा आता धक्क्यासाठी पुन्हा अर्ज करायचा ठरला आहे, तिघांच्या अंगठ्यांसकट. अर्ज कसा लिहितात ते कळव. ही विनंती नाही, विचारणा आहे.

नीराबाई

माडखार,
१४ डिसेंबर १९५७

हरेश्वर,

तुझा मसुदा आला होता, त्याची पोच द्यायची राहिली. चार पानं, कुठं खाडाखोड नाही, आणि त्यात माझ्यासाठी एक शब्द नाही. नीरबाय कशी आहेस, गुडघे दुखतात का, एवढं लिहायला किती शाई लागली असती? मी तो माझ्या अक्षरात उतरवून काढला. गावानं विचारलं कोणी लिहिला, मी म्हटलं मी. चौथी पास बाईनं "सबब माहितीस्तव सविनय सादर" लिहिलं, आणि लोकांनी विश्वासही ठेवला.

काल दुसरी चौकशी झाली. नवे साहेब, नवा कारकून. त्यानं सांगितलं, हरेश्वरांनी स्वतः होऊन हे काम दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं, बहिणीचं गाव म्हणून. आधी माझा राग मस्तकात गेला. म्हटलं, एकदा आमच्याविरुद्ध लिहायला होता आणि आता बाजूनं लिहायच्या वेळी पळाला. घरी येऊन चूल पेटवेपर्यंत मला कळलं की तू बरोबर केलंस. तू असतास तर उद्या पलीकडच्या काठानं बोंब मारली असती.

आता काय झालं ते ऐक. साहेब भला माणूस. रांजण पाहिले, शिंपल्या हातात घेतल्या, म्हणाले, हे छान आहे, पण कागदावर शिंपल्या लिहिता येत नाहीत. कोणीतरी उभं राहून तोंडानं सांगायला हवं आणि खाली अंगठा द्यायला हवा. काळूरामनं जमिनीकडं पाहिलं. येसूबाईनं पदर तोंडाशी धरला. शिंपल्या टाकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. एवढं सगळं करून पुन्हा आम्ही त्याच पिंपळाखाली गप्प उभे.

भिकू दर्यात होता, दुसरा दिवस. वारा पडलेला नव्हता. मी पुढं सरकले तशी केसरनं मागून लुगडं ओढलं. "नको बोलू वहिनी. माजा भाव पान्यात हाय." तिचे डोळे मी आयुष्यात विसरणार नाही. मी थांबले. खोटं कशाला सांगू, मी परत मागं फिरणार होते. धक्का गेला उडत, असं मनात आलं. पण तिचा गुडघा माझ्यासमोर होता, चार वर्षांनीही न वाकणारा. मी म्हटलं, "केसर, तुज्या भावाला दर्या सांबालंल. तुला कोन सांबालनार?"

आणि मी बोलले. "साहेब, आमच्याकडं हाय. भरपूर हाय." वर्षाला मासळीची बारा हजार ओझी, मिठाची सोळा हजार, भात, नारळ नि पेंढा मिळून सात हजार. मोठ्यानं बोलले, पिंपळावरचे कावळे उडाले. कोणाकोणाला कशाचं काय लागतं तेही सांगितलं, कारकून लिहीत राहिला. मग अंगठा मागितला, तर मी सही केली. तेवढा ताठा मला शोभतो.

माझं बघून काळूरामही बोलला, येसूबाई बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबवणं कठीण गेलं. येसूबाईनं कोंबड्यासुद्धा सांगितल्या.

भिकू रात्रीही आला नाही. आज सकाळीही नाही. केसर माझ्या ओट्यावर येऊन बसली, शेजारी, आणि दोघी खाडीच्या तोंडाकडं बघत राहिलो. हरेश्वर, मला त्या वेळी तू हवा होतास.

दुपारी होडी आली. शीड फाटलेलं, माणसं सगळी धड, आणि होडीत काठोकाठ बोंबील. मी भिकूला सगळं सांगितलं, एका दमात, मारशील तर मार म्हटलं. त्यानं तोंड धुतलं, चूळ भरली. "बोललीस? किती बोललीस?" मी म्हटलं बारा हजार. तर चिडला. "येवरंच? जी आमी परस्पर लाँचवर चरवतो ती मोजलीस का? कमी सांगितलास सगला." आता संध्याकाळपासून गावभर सांगत फिरतोय की त्याच्या बायकोनं त्याची मासळी कमी सांगितली.

पत्र मोठं झालं. वाळे अजून इथेच आहेत, पण नलूच्या पायात आता बसणार नाहीत. मोठे करून घेईन.

तुझी नीरबाय

माडखार,
५ एप्रिल १९६१

प्रिय हरेश्वर,

धक्का पुरा झाला. मी काल त्याच्यावरून चालत शेवटापर्यंत गेले आणि परत आले, पाय कोरडे ठेवून. मग पुन्हा गेले. लोक हसले तर हसू देत. चाळीस वर्षं या खाडीत माझे पाय कोरडे नव्हते.

मंजुरीनंतर तीन वर्षं गेली, पण काय काय झालं ते बघ. दगड वाहायला काळूरामचे मचवे लागले, गवंड्यांना तांदूळ येसूबाईनं घातला, कालवण आम्ही. धक्क्याच्या तोंडाशी बर्फाची वखार उभी राहते आहे, आता मुंबईला ओली मासळी जाईल. केसरला तिथं बसून मासळी निवडायचं काम मिळणार आहे, बसून, कळलं का? शाळेला दुसरा मास्तर आला. सदा सुतारानं दोन होड्यांचे सांगाडे एकदम धरले आहेत, त्याच्याकडं गिऱ्हाइकं थळहून येतात. हे मी मोठ्यानं सांगते आता, सगळेच सांगतात. रस्त्यावर कोणालाही विचार, किती मिळालं, तर खरं सांगतील, वर थोडं जास्तच. म्हाताऱ्या माणसांना हे पटत नाही. मला पटतं.

अक्षय्य तृतीयेला पहिली लाँच लागायची. नारळ कोणी फोडायचा यावरून अर्थातच भांडण झालं. काळूराम म्हणाला मिठाचा ढीग मोठा, मान आमचा. भिकू म्हणाला सांगितली कोणाच्या बायकोनं? येसूबाई म्हणाली नारळ कोणाच्या माडाचा? तीन दिवस वाद चालला. शेवटी मी चावडीवर उभी राहिले आणि एक गोष्ट सांगितली, जी त्या चौकशीच्या पत्रात मी तुला लिहिली नव्हती. लिहायला लाज वाटली होती.

मासळी, मीठ, भात सगळं लिहून झालं, गाव पांगलं, तेव्हा साहेबांनी मला एकटीला विचारलं होतं, बाई, आणखी काय निघतं या गावातून? मी म्हटलं, "एक कारकून."

साहेब हसले. म्हणाले, कारकून हा माल नव्हे. मी म्हटलं, "कसा न्हाय? मीठ खारीच्या पान्यातनं निगतं, भात खारातल्या मातीतनं, आनी त्यो माज्या टोपलीतनं निगालाय. सात वरसं बोंबील विकले तवा त्याची शाला झाली." त्यांनी चश्मा काढला, पुसला. मग खरंच विचारलं, थट्टेनं नव्हे. बाकीच्यांचं कळलं, मासळीवर मिठाचं पोट, मिठावर मासळीचं. तो कारकून गावाला काय देतो?

मी मनात हिशोब मांडला. पगार तू घरी पाठवत नाहीस, मी कधी घेतलाही नसता. अर्ज तू लिहून दिलास, पण ते सांगायचं नव्हतं. पाच वर्षं मी याच माणसाशी नीट बोलले नाही, भाऊबीजेला त्याला दाराशी येऊ दिलं नाही, हे साहेबांना कसं सांगू? साहेब माझ्याकडं बघत होते. मग तोंडातून आपोआप आलं ते आलं. गावाला सांगितलं, आता तुला सांगते.

मी म्हटलं, "साहेब, आमी सगल्यांनी मिलून खोटं सांगितलं, तेबी त्यानं बोललो तसंच लिवलं. सख्खी भन खोटं बोलली, समोर टोपल्यांचा वास येत व्हता, तरी तिच्यासाटी दोनाचे चालीस केले न्हाय, नि चालीसचे दोन केले न्हाय. आज आमचा खरा सबूद तुमी मानताय, त्यो अशाच मान्सांच्या कागदामुलं. असा एक दुसऱ्या कंच्या गावातनं आनून दाखवा."

चावडीवर हे ऐकून काळूराम पहिला उठला, म्हणाला, "मंग नारल त्यानंच फोरावा." कोणी विरोध केला नाही, येसूबाईनंही नाही.

तृतीयेला भरती दुपारी दोनच्या सुमाराला, लाँच रेवसहून निघेल. वहिनीला आण, नलूला आण. आठ वर्षांच्या भाऊबिजा राहिल्या आहेत, त्या सगळ्या मी एकदमच ओवाळीन. आणि हरेश्वर, लाँचवरून उतरलास की सरळ चालत ये, खाली बघू नकोस, कोणाची माफी मागू नकोस. मागायची ती मी मागते आहे.

तुझीच,
नीरबाय